देवाची चांदी आणि मोडीचा भाव

गेल्या मार्गशीर्षात आमच्या देवस्थानच्या समितीने आम्हांस एका कामगिरीवर सुरतेस धाडिले. सुरत म्हटली की मराठी माणसास १६६४ हे साल आठवते. परंतु या खेपेस लूट कोणाची व्हावयाची होती, हे तेथे पोहोचेपर्यंत आम्हांस नीटसे उमगले नव्हते. कामगिरी साधी होती. देवीची जुनी चांदीची प्रभावळ दाखवावयाची, तिचा टंच काढून घ्यावयाचा, मोडीचा भाव ठरवावयाचा आणि नव्या प्रभावळीचा नमुना पसंत करून यावयाचे. समितीचे चिटणीस आणि खजिनदार बरोबर होते. हिशेबाला ते आणि 'आवडीनिवडीला' आम्ही, अशी वाटणी झाली होती. आम्ही ती मुकाट्याने पत्करली, हा आमचा अपराध आहे आणि तो आरंभीच कबूल करणे बरे.

तापी ओलांडून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. गुजरात हिरा बुर्सचे जवाहीर आणि दागिन्यांचे पार्क तेथे आहे. आता खजोदला १७ डिसेंबर २०२३ रोजी उद्‌घाटन झालेले प्रचंड हिरे-बाजाराचे भवन उभे असल्याने लोकांच्या तोंडी त्याचेच नाव अधिक असते, तरी इच्छापोरच्या कारखान्यांचे काम पाहण्यासारखे आहे. दागिन्याचे चित्र संगणकावर काढतात, त्याबरहुकूम यंत्र मेणाचा नमुना घडविते, मेणाभोवती साचा ओततात, भट्टीत मेण वितळून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागी धातू शिरतो. शेकडो वस्तू, एकीसारखी दुसरी, केसाचा फरक नाही. आम्ही हे निंदेने सांगत नाही. ज्याला लेकीच्या लग्नासाठी कुड्या हव्या आहेत, त्याने त्या तेथून खुशाल घ्याव्यात. तेथील माणसे सचोटीची वाटली. त्यांनी आमच्या प्रभावळीचा टंच आमच्या डोळ्यांदेखत काढला आणि जो निघाला तोच सांगितला. दोष सुरतेचा नव्हे. दोष प्रभावळ गाठोड्यात बांधून तेथवर नेणाऱ्यांचा आहे.

ती प्रभावळ कशी आहे, हे ज्यांनी केवळ आरतीच्या वेळी दुरून पाहिली त्यांस ठाऊक नसेल. आम्हांसही ठाऊक नव्हते. साठ वर्षे आम्ही तिला नमस्कार केला, परंतु तिच्याकडे पाहिले ते इच्छापोरच्या दिव्याखाली. दोन्ही बाजूंस खाली मकर आहेत. त्यांची सोंड वर वळलेली, शेपटीची पाने झालेली, आणि त्यांच्या जबड्यांतून कमानीची वेल निघते. वेलीवर मोर आहेत, पोपट आहेत, एके ठिकाणी एक माकड फळ खात बसले आहे. माथ्यावर कीर्तिमुख. हे सारे चांदीचा पत्रा राळेवर बसवून मागून-पुढून ठोकून उठविलेले. डाव्या मकराचा डोळा उजव्याहून मोठा आहे आणि त्याच्या सोंडेखाली ठोकताना पत्रा फाटला म्हणून घडविणाऱ्याने तेथेच एक लहानसा मासा जोडून फाट झाकली आहे. ज्याने हे केले त्याचे नाव कोणत्याही वहीत नाही. त्याची अडचण आणि त्याची युक्ती मात्र त्या माशात अजून जिवंत आहे.

टंच काढणाऱ्या कारखान्यात जळगावकडचा एक कारागीर होता. चिटणीस भावाची घासाघीस करीत असता त्याने प्रभावळ उलटी करून मागची बाजू बराच वेळ पाहिली आणि आम्हांस हळूच म्हणाला, "काका, हे मोडायला आणलं असेल तर माझ्या हातून नको." आमच्याजवळ त्याला उत्तर नव्हते. निर्णय महाजनांच्या सभेत होईल एवढे सांगून आम्ही गाठोडे पुन्हा बांधले. प्रभावळ सध्या देवस्थानच्या कपाटात आहे. पालखीचे दोन चांदीचे सिंह आणि छत्राच्या झालरीवरील हंस यांना मात्र हे भाग्य लाभले नाही. ते काही वर्षांपूर्वीच मोडीत गेले. त्यांचे एकही छायाचित्र नाही. पावती आहे; तीत लिहिले आहे, 'जुनी चांदी', आणि पुढे वजन.

आता समितीचा युक्तिवाद पाहू. पहिला मुद्दा असा की, जुनी चांदी 'अशुद्ध' आहे, तीत तांब्याचे मिश्रण फार. देवाला शुद्ध द्यावे, शिक्क्याचे द्यावे. हा मुद्दा ऐकून अनेकांच्या माना डोलतात, कारण शुद्ध हा शब्द देवळात उच्चारला की विचार थांबतो. परंतु सराफाचे शुद्ध आणि देवाचे शुद्ध एकच असते, हे कोणी ठरविले?

येथे आम्ही वाचकांस थोडे दूर, दक्षिण अमेरिकेत नेऊ इच्छितो. आपल्या प्रभावळीची गोष्ट सांगताना पेरू आणि कोलंबिया कशाला, असे कोणी विचारील. कारण हाच प्रश्न तेथे एकदा पुरता निकालात निघाला आहे आणि तो निकाल पाहिल्यावाचून आपण आपला देऊ नये. त्या भूभागातील प्राचीन लोक धर्मविधींसाठी सोन्यात बरेच तांबे मिसळीत. या मिश्रधातूस पुढे 'तुंबागा' म्हणू लागले. मिश्रणाची वस्तू घडवून ती तापवावयाची, तापल्याने पृष्ठावरील तांबे काळवंडे, ते आम्लाने काढून टाकावयाचे, पुन्हा तापवावयाचे. असे करता करता पृष्ठभागी सोने तेवढे उरे आणि वस्तू झळकू लागे. मुलामा वरून चढविलेला नव्हे, आतून वर आणलेला. हेदर लेक्टमन या अमेरिकन विदुषीने या पद्धतीचा अनेक वर्षे अभ्यास करून असे मत मांडले की, त्या कारागिरांच्या दृष्टीने वस्तूचे बाह्यरूप तिच्या अंतरंगातूनच आले पाहिजे, हाच या खटाटोपाचा अर्थ होता. आमच्या वाचकांस हा विचार परका वाटू नये. स्पॅनिश शिपायांस मात्र त्या वस्तू वितळविल्यावर कस कमी निघाला एवढेच दिसले आणि त्यांनी हलके सोने म्हणून नाक मुरडले. आमचे खजिनदार इच्छापोरला टंचाचा आकडा ऐकून 'अरेरे' म्हणाले, तेव्हा आम्हांस हेच आठवले.

त्या दागिन्यांवर काय होते? जनावरे! चाविन काळच्या सोन्याच्या पत्र्यांवर वाघासारख्या जग्वारचे दात, सापांचे केस, गरुडाची नखे. कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावरील तैरोना लोकांच्या छातीवरील पदकांत अर्धा मनुष्य आणि अर्धे वटवाघूळ. बेडूक, पक्षी, मगरी. मुइस्का लोक मेणाचा नमुना करून त्यावर साचा घालीत आणि मेण गाळून सोने ओतीत. म्हणजे इच्छापोरच्या यंत्रशाळेत जे चालते त्याचीच आदिम रीत. फरक इतकाच की, त्यांची वस्तू यंत्राने घडत नसे. आणि ती विकावयाची नसून देवतेस अर्पून सरोवरात, गुहेत किंवा भूमीत ठेवावयाची असे. १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या एका गुहेत शेतकऱ्यांस सोन्याचा एक तराफा सापडला. त्यावर मध्ये उंच नायक आणि भोवती त्याचे सेवक आहेत. तो हातभरही लांब नाही, पण त्यावरून ग्वाताविता सरोवरातील अर्पणविधीची जुनी वर्णने लोकांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

पेरूच्या उत्तरेस सिपान येथे १९८७ मध्ये चोरांनी एक जुना मातीचा मनोरा फोडला. पोलिसांनी वॉल्टर आल्वा या पुरातत्त्वज्ञास बोलावून घेतले आणि त्याने तेथे राहून उरलेल्या भागाचे उत्खनन केले. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी पुरलेला मोचे लोकांचा एक अधिपती त्यात निघाला. त्याच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांच्या आकाराच्या मण्यांची माळ होती. उजवीकडे दहा सोन्याच्या, डावीकडे दहा चांदीच्या. ज्यांच्या घरी अर्धनारीनटेश्वराचे चित्र आहे, त्यांस या मांडणीवर निराळे भाष्य नको. याच जागी त्याहून जुन्या थडग्यात सोन्याचे कोळी निघाले, आणि त्या कोळ्यांच्या पाठीवर मनुष्याचा चेहरा. आता विचार करा: माळ चोरांच्या हाती लागून वितळली असती, तर बाजारात तिचे सोने सोन्याच्याच भावाने गेले असते, एक पैसाही कमी आला नसता. पण उजवे कोणते आणि डावे कोणते, हे कोणत्या टंचात निघाले असते?

आणि जे वितळले त्याची कथा सर्वांस ठाऊक असावयास हवी. १५३२ च्या नोव्हेंबरात पिझारोने इंका राजा आताहुआल्पा यास काहामार्का येथे कैद केले. राजाने सुटकेसाठी एक मोठी खोली माणसाच्या हात-उंचीपर्यंत सोन्याने आणि चांदीने त्याच्या दुप्पट भरून देण्याचे कबूल केले, आणि दिलेही. देवळांच्या भिंतींवरील पत्रे, कलश, पशुपक्षी, सारे माणसांच्या आणि लामांच्या पाठीवरून आले. १५३३ च्या वसंतापासून भट्ट्या धगधगत होत्या. सुमारे सहा टन सोने आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट चांदी लगडींच्या रूपात बाहेर पडली. ती वितळविण्याचे काम ज्यांच्या जातभाईंनी त्या वस्तू घडविल्या त्याच स्थानिक सोनारांकडून करून घेतले. त्याच जुलैत राजाला ठार मारले. काही वस्तू नमुन्यादाखल स्पेनच्या राजाकडे गेल्या, पण त्याही टांकसाळीच्या भट्टीतून सुटल्या नाहीत. पिझारोस निदान आपण लूट करीत आहो हे माहीत होते. त्याने त्यास जीर्णोद्धार म्हटले नाही.

हे घडले त्याच शतकात, त्याच इबेरियातून आलेल्या दुसऱ्या सत्तेच्या हाताखाली गोव्यात काय चालले होते, ते या मासिकाच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. १५४० नंतर तिसवाडीतील देवळे पडली, १५६० च्या दशकात साष्टीतील. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, श्रीमहालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. ज्यांनी देव पाठुंगळी घेऊन रात्री होड्यांनी नदी ओलांडली, त्यांच्या घरी भात होता की नव्हता कोण जाणे. त्यांनी चांदीचा भाव पाहिला नाही. आमच्या लहानपणी आमच्या घरातील एक वृद्ध आजी देवीच्या समईतले तेल सांडले तरी बोट पुसून परत समईत टाकावयास लावी आणि म्हणे, "तें देवाचें, आमचें न्हय." आम्हांस वाटते, विश्वस्त कायद्याची शंभर कलमे या चार शब्दांत मावतात.

समितीचा दुसरा मुद्दा आम्ही अधिक गंभीर मानतो. कपाटात पडलेली चांदी काय कामाची. तिच्या पैशातून अन्नछत्र चालेल, विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती मिळेल. हा मुद्दा आज देशभर मांडला जातो. सरकारने २०१५ च्या नोव्हेंबरात सुवर्ण-ठेव योजना काढली, तीत जमा होणारे दागिने वितळवूनच कस ठरे. तिच्या मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या ठेवी २६ मार्च २०२५ पासून बंद झाल्या. तामिळनाडूत २१ देवळांतील न वापरलेले हजार किलोहून अधिक सोने मुंबईच्या टांकसाळीत वितळवून लगडी बँकेत ठेवल्याचे तेथील सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. व्याज देवळांच्या कामी येते. आमच्याकडेही पंढरपूर आणि तुळजापूर येथील दागिन्यांविषयी असे प्रस्ताव निघाले आणि त्यांवर वाद झाले. आम्ही या साऱ्यास सरसकट पाप म्हणणारांपैकी नव्हे. भक्ताने हुंडीत टाकलेली अंगठी, बाजारातून घेतलेले नवसाचे पाळणे आणि डोळे, एकाच ठशाचे शेकडो पत्रे यांचा पैसा होऊन भुकेल्यास अन्न मिळत असेल, तर देव रागावेल असे आम्हांस वाटत नाही. त्यातलेही नमुन्याचे चार ठेवावेत, एवढेच मागणे.

परंतु अंगठी आणि प्रभावळ यांत भेद करावयाचा की नाही? तो भेद पाहणारा डोळा समितीत कोणाजवळ आहे? आमच्या समितीत वकील आहेत, बांधकामाचे कंत्राटदार आहेत, एक निवृत्त बँक अधिकारी आहेत; चांदीचे जुने काम ओळखणारा एकही नाही. आम्ही स्वतःही नाही. मग वितळविण्याची घाई आम्हांस कोणत्या ज्ञानाच्या बळावर? महाराष्ट्रात देवस्थानची वीतभर जमीन विकावयाची तर १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ते कलम स्थावराचे आहे. प्रभावळ जंगम, म्हणून ती गाठोड्यात मावते आणि ठरावाच्या एका ओळीत नाहीशी होते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलाकृती ही पुरावस्तू ठरते, हेही सभेत कोणी उच्चारले नाही. आमची प्रभावळ आजोबांच्या आजोबांनी पाहिलेली आहे.

तिसरा मुद्दा जीर्णोद्धाराचा. शास्त्रात जीर्णोद्धार आहे, हे खरे. पण तो जीर्ण झालेल्याचा, आणि विधीपूर्वक. आमची प्रभावळ काळवंडली आहे, जीर्ण झालेली नाही. तिला चिंच आणि रिठा हवा आहे, भट्टी नको. शिवाय जत्रेची तारीख एक दिवस पुढे-मागे करावयाची झाली तरी देवीस कौल लावणारे, पाकळी उजवी पडली की डावी हे श्वास रोखून पाहणारे आम्ही, पालखीचे सिंह मोडताना कौल का लावला नाही? उत्तर येण्याचे भय होते काय?

कीर्तिमुखाची कथा पुराणिकांच्या तोंडून सर्वांनी ऐकली आहे. शंकराच्या आज्ञेवरून तो भुकेलेला गण स्वतःचेच हातपाय आणि धड खात सुटला, आणि चेहरा तेवढा उरला असता देवाने प्रसन्न होऊन त्याला दाराच्या माथ्यावर बसविले. आमची देवस्थाने आज तोच क्रम चालवीत आहेत. चेहरा उरवावयाचा की नाही एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

यावर कोणी म्हणेल, मग सारे संग्रहालयात द्या. तसे आमचे म्हणणे नाही. दक्षिण कानड्यातील भूतस्थानांचे पितळी मुखवटे, पंजुर्लीचा वराहमुख त्यांतच, परदेशांतील काचेच्या पेट्यांत बसलेले आहेत. तेथे त्यांस धूळ नाही, तशी पूजाही नाही. वस्तू देवापुढेच राहावी. पण संग्रहालयवाल्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कोलंबियाच्या मध्यवर्ती बँकेचा व्यवसायच सोन्याचा; १९३९ मध्ये तिने किंबाया लोकांचे एक प्राचीन सुवर्णपात्र विकत घेतले आणि ते लगड न करता जसेच्या तसे ठेविले. त्यातून बोगोटाचे सुवर्णसंग्रहालय उभे राहिले. आज तेथे तीस हजारांहून अधिक प्राचीन सुवर्णवस्तू आहेत. बँकेस जे कळले ते देवस्थानास कळू नये! आणि दूर कशाला, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादेस १९७४ मध्ये गावकऱ्यांस जमिनीत काशाचा गेंडा, हत्ती, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडला. सारे मिळून साठ किलोंहून अधिक वजनाचा धातू होता. भंगारात घातला असता तर कोणास पत्ताही लागला नसता. तो वाचला म्हणून आज त्याच्या काळाविषयी विद्वान भांडू शकतात.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक देवस्थानाने आपल्या धातूच्या वस्तूंची, मग ती चांदीची असो, पितळेची असो वा पंचधातूची, छायाचित्रांसह नोंदवही करावी; वजनाबरोबर वर्णनही लिहावे, मकर किती, मोर किती, डाग कोठे. शंभर वर्षांहून जुने वाटेल ते जाणकारास दाखविल्यावाचून हलवू नये. मोडीचा कोणताही ठराव एका सभेत मांडून त्याच सभेत संमत करू नये. चोरीचे भय असेल तर कुलूप बदलावे, बँकेत पेटी घ्यावी. चोर नेईल म्हणून आपणच नेऊन देणे हा उपाय नव्हे.

समितीने प्रभावळीचा विषय माघी जत्रेपूर्वीच्या महाजनसभेपुढे ठेवण्याचे मान्य केले आहे. इच्छापोरहून आणलेला नव्या प्रभावळीचा कागदावरील नमुना त्या दिवशी सभामंडपात लावलेला असेल; जुनी प्रभावळ त्याच्या शेजारी, उलट्या बाजूने, मागचे ठोके दिसतील अशी ठेवावी, असे आम्ही चिटणीसांस लेखी कळविले आहे. डाव्या मकराच्या सोंडेखालचा मासा पाहण्यासाठी महाजनांनी जरा वाकावे लागेल.